चॅपल ब्रोवर ऐकू येणारी लॉरी

कीथ क्रॅबट्रीने बापाची लॉरी पुन्हा उभी केली, तेव्हा आमच्या क्लबातल्या पुरुषांनी टोप्या काढून तिच्याभोवती फेऱ्या घातल्या. यातले बरेच जण स्वतःच्या बापाच्या थडग्याकडे ख्रिसमसलाही फिरकत नाहीत. चॅपलमागचं गवत मीच काढते, त्यामुळे कोण येतं आणि कोण येत नाही हे मला पाठ आहे.

जुन्या लॉऱ्यांचा हा क्लब दर शनिवारी बंद पडलेल्या रंगकारखान्याच्या शेडमध्ये जमतो. मी त्याची चिटणीस आहे, म्हणजे चहा करणारी आणि भांडणं मिटवणारी. भांडणं तरी कसली? हिरव्या रंगाचा डबा नॉर्मन फर्थने परत पाठवला होता, कारण ती छटा म्हणे लॉरीच्या सालानंतर दोन वर्षांनी आलेली. त्याच्या स्वतःच्या घराच्या दाराचा रंग इतका सोललाय की पोस्टमन ठोठावायला घाबरतो, कपच्या बोटात जातील म्हणून. पण ते दार काही कुठल्या कारखान्यातून निघालेलं नाही, तेव्हा त्याचं नॉर्मनला सुखदुःख नाही.

या गावातल्या वाहतूक कंपनीत मी लग्नाआधीपासून टेलिफोनवर होते. कुठला ड्रायव्हर कुठल्या कॅफेत अडकलाय, कोण खरंच पंक्चर झालाय आणि कोणाचं पंक्चर सोनेरी केसांचं आहे, हे मला आवाजावरून कळे. माणसांचा हिशेब ठेवायची सवय तिथली. तो पैशात नाही. कोण कुणाकडे किती वेळा आलं आणि कोण कशाला आलं नाही, यात असतो तो. त्या हिशेबात कीथचं खातं कायम स्वच्छ. बस डेपोत मेकॅनिक होता, रोज संध्याकाळी घरी जायच्या आधी आईकडे जायचा. आणि आई त्याला ओळखत नसे.

विनीचं, म्हणजे त्याच्या आईचं, डोकं गेली काही वर्षं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. कीथला ती कधी गॅसवाला समजे, कधी चॅपलचे नवे पाद्री. ज्या दिवशी पाद्री समजे त्या दिवशी त्याला जिंजरब्रेड मिळे, गॅसवाल्याला नुसता जिन्याखालचा मीटर. मला मात्र ती ओळखायची. आमची दारं लागूनच आहेत आणि ती मला फ्रॉकात असल्यापासून पाहत आलीय.

कीथचा बाप हार्टली आमच्याच कंपनीत होता. सोमवारी गालिचे भरून ग्लासगोला निघायचा आणि शुक्रवारी परतायचा. आठ चाकांची अ‍ॅटकिन्सन, तिला गार्डनरचं इंजिन. आमची गल्ली चॅपल ब्रो नावाच्या चढाच्या माथ्यावर आहे. खिडकीतून चढ दिसत नाही, मध्ये चॅपल आडवं येतं. त्यामुळे त्या घरात लॉरी आधी ऐकू यायची, मग दिसायची. चॅपलपाशी गिअर पडल्याचा आवाज आला की विनी बटाटे गॅसवर चढवायची. लॉरी लावून, ताडपत्रीच्या दोऱ्या बघून, हात धुऊन हार्टली टेबलाशी येईतो बटाटे शिजलेले असत. स्ट्यू आधीच झालेला असे, लाल कोबीचं लोणचं बशीत. गल्लीतल्या बाकीच्या बायकांनी त्या आवाजावर घड्याळं लावली होती.

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात ग्लासगोच्या वाटेवर, शॅपच्या डोंगरावर एक गाडी बर्फात आडवी झाली. हार्टली फावडं घेऊन मदतीला खाली उतरला आणि मागून येणारी दुसरी गाडी काही थांबली नाही. त्याच्या लॉरीला ओरखडाही नव्हता. पण कंपनीत कुणी ती चालवायला तयार होईना. मग ती एका जत्रेवाल्याला विकली. पाठीवर जनरेटर घेऊन ती गावोगाव पाळण्यांना वीज पुरवत राहिली. विनीने चॅपलमागे हार्टलीला पुरलं, गिरणीच्या कँटीनमध्ये काम धरलं, पोराला वाढवलं. लॉरीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

कीथला ती लॉरी जत्रेवाल्याच्या मागच्या अंगणात सापडली, खाजऱ्या झुडपात गळ्यापर्यंत. नंबरप्लेटवरून ओळखली. बायको शीलाला वाटलं, पोरं पोहायला न्यायच्या वयाची राहिली नाहीत, आता नवरा शनिवारी घरी असेल. तो शेडमध्ये गेला तो गेलाच.

"शीला काय म्हणते?" मी एकदा विचारलं.

"म्हणते, दुसरी बाई असती तर निदान तिला ग्रीस लागलं नसतं."

"आणि तुला काय हवंय रे यातून? नॉर्मनसारखा चषक?"

तो बोल्टाला कापड घासत राहिला. मग म्हणाला, "मावशी, ती सगळंच विसरायच्या आधी एकदा ही चढावरून येताना तिने ऐकावी. 'ही आमची' एवढं म्हणावं. बाबांची आहे हे तिला कळलं की मी कोणाचा हेही कळेल, असं वाटतं मला. एकदाच."

 मी चहा ओतला.

लॉरी पुरी झाली तो वसंताचा शेवट होता. शुक्रवारी दुपारी मी विनीपाशी बसायची, शीला बाजाराला जायची. त्या शुक्रवारी आम्ही सगळे कटात होतो. मी खिडकी उघडून ठेवली. विनी लोकर गुंडाळत होती. खालून गार्डनर वर येताना ऐकू आला, आणि माझ्याच अंगावर काटा आला. गोड, भरदार, एकसारखा आवाज. चॅपलपाशी गिअर बदलला, सफाईने, लोण्यातून सुरी जावी तसा.

विनीने मान वाकडी केली. "अ‍ॅटकिन्सन आहे," ती म्हणाली. "गार्डनरची."

"कुणाची गं?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? कुणी नवशिका दिसतो. पुस्तक मांडीवर ठेवून चालवतोय." आणि लोकर पुन्हा गुंडाळायला लागली.

कीथ नवी टोपी घालून दारात आला. गाल लाल, डोळे आईच्या तोंडाकडे.

"मीटर जिन्याखाली," विनी म्हणाली. "बूट पुसा."

त्याने बूट पुसले. जिन्याखाली जाऊन उभाही राहिला, थोडा वेळ. तिथे कोट टांगलेले असतात, तोंड लपवायला बरं पडतं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पुरुषांची चर्चासभा भरली. एक म्हणाला, एक्झॉस्टचा पाइप मूळ मापाचा नाही. नॉर्मन म्हणाला, रंगाचा काही संबंध नसावा, पण मी आधीच बोललो होतो. कोपऱ्यात सेथ ऑर्मरॉड काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तरुणपणी तो हार्टलीबरोबर मदतनीस म्हणून जायचा. आता त्याचे गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

"झालं का तुमचं?" तो म्हणाला. "लॉरी बरोबर आहे. ड्रायव्हर चुकलाय."

"मी काय चुकलो, काका?" कीथ म्हणाला.

"तू गिअर वेळेवर टाकतोस."

"मग कधी टाकायचा?"

"तुझा बाप टाकायचा तेव्हा! सगळं जग चॅपलच्या आधी एक गिअर उतरायचं. हार्टली उतरायचा नाही. तो इंजिन मरायला टेकेपर्यंत तसाच रेटायचा, आणि मग मधला सोडून सरळ दुसऱ्यात. आणि त्या मधल्या वेळात..." सेथने काठी वर उचलली आणि तशीच धरली.  "त्या मधल्या वेळात एवढी शांतता असायची. लॉरी मागे घरंगळणार असं वाटायचं. मी दर शुक्रवारी दार धरून बसायचो उडी मारायला. मग धाडकन इंजिन पकडायचं. लेका, तुझ्या आईने लॉरी कधी ऐकलीच नाही. तिने ती शांतता ऐकलीय."

"गिअरबॉक्सचं वाटोळं होईल," नॉर्मन म्हणाला.

"तुझ्या दाराचं झालंय, त्याने कोण मेलं?" सेथ म्हणाला.

मग शिकवणी सुरू झाली. आमच्या चढावर नाही, विनी ऐकेल म्हणून. दरीच्या पलीकडे खाणीकडे जाणारा रस्ता आहे, तिथे. सेथला दोघांनी उचलून केबिनमध्ये बसवायचं आणि त्याने शिव्या द्यायच्या. मी एकदा थर्मास घेऊन गेले होते. कीथ बस डेपोतला माणूस. इंजिन रडायला लागलं की त्याचा हात आपोआप गिअरकडे जायचा.

"हात खाली!" सेथ ओरडायचा. "अजून नाही. अजून नाही रे. घाबरट कुठला, बापाच्या वळणावर नाही गेलास."

"मरतंय ते काका!"

"मरू दे! मरतंय असं वाटल्याशिवाय जिवंत झाल्याचं कळतं का कुणाला? हां, आता! क्लच! पुन्हा क्लच!"

पहिल्यांदा जमलं तेव्हा खाणीच्या भिंतीवरून आवाज परत आला. शांतता, आणि मग तो धक्का.  म्हातारा सेथ खिडकीबाहेर बघत बसला आणि मला म्हणाला, धूळ फार आहे इथे. धूळ नव्हती, आदल्या दिवशी पाऊस झाला होता. मी तशी मनात नोंद घेतली. इतकं हुबेहूब जमल्यावर आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नॉर्मननेसुद्धा. हुबेहूब हाच आमच्या क्लबाचा देव. त्यापुढे काय, असं विचारायची तिथे रीत नाही.

पुढचा शुक्रवार उजाडला. विनी त्या दिवशी चिडचिडी होती. मी तिची लोकर चोरलीय असं तिचं म्हणणं होतं. लोकर तिच्याच मांडीवर होती.

खालून गार्डनर ऐकू आला. विनी लोकरीचा गुंता सोडवत होती. लॉरी चॅपलपाशी आली, आवाज खोल खोल गेला, खोकल्यासारखा झाला, आणि थांबला.

विनीची बोटं थांबली.

ती शांतता मी कंपनीत होते त्या वर्षांत कितीतरी शुक्रवारी माझ्या दारातून ऐकली असेन, पण त्या घरात बसून कधी ऐकली नव्हती. विनीने श्वास आत घेतला आणि तसाच धरून ठेवला. मग इंजिनाने पकडलं, आणि तिने श्वास सोडला.

"आला," ती म्हणाली.

ती उठली. काठीशिवाय. टोपलीतून बटाटे काढले, नळाखाली धरले, आणि सालं अशी काढायला लागली की मला तिच्या हातातली सुरी दिसेना. गॅस पेटवला. मीठ टाकलं, अंदाजाने, बरोबर. एप्रन सोडून खुंटीला लावला, आरशात बघितलं, दोन्ही गालांना चिमटे काढले. ती माझ्याकडे वळली तेव्हा मला भीती वाटली, कारण त्या चेहऱ्याचं वय मी ओळखत होते. तेव्हा मी ऑफिसात नवी होते.

"डोरीन, तू आता घरी जा बघू. रागावू नकोस हं. दमून आल्यावर त्याला घरात माणसं आवडत नाहीत."

"बरं," मी म्हणाले, पण दाराशीच रेंगाळले.

"आणि जाता जाता कीथला हाक मार. चॅपलच्या मैदानात चेंडू बडवत असेल. म्हणावं बाबा आलेत, हात धू."

बाहेर लॉरी थांबली. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. केबिनचं दार वाजलं. विनी उंबऱ्याशी गेली, हात पुढे बांधून, ओठ दाबून, आतून हसू फुटत असताना रागावलेलं दाखवायला बायका उभ्या राहतात तशी. उशीर झाल्याबद्दल दोन शब्द सुनावणार होती ती त्याला.

कीथ आत आला.

विनीने त्याच्याकडे पाहिलं. आणि तिने त्याला ओळखलं. मी शपथेवर सांगते. ज्यासाठी त्याने इतकी वर्षं शनिवार घातले, ते त्याला त्या क्षणी मिळालं, पुरतं मिळालं.

"कीथ," ती म्हणाली. "किती वाढलास रे." आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघत, "बाबा ताडपत्री बांधतायत का?"

कीथच्या तोंडावरचा आनंद जाताना मी पाहिला. तो एकदम नाही गेला. चढ उतरून लॉरी दूर जावी तसा, हळूहळू.

"आई," तो म्हणाला.

"कुठेयत?"

तो खोटं बोलला असता तर? नंतर आम्ही सगळ्यांनी तो विचार केला. पण खोटं बोलायची सवय लागते, आणि त्याला नव्हती. त्याने तिचे दोन्ही हात धरले. "आई, बाबा गेले. शॅपवर, बर्फात. खूप वर्षं झाली."

तिने हात सोडवून घेतले. पुन्हा दाराबाहेर लॉरीकडे बघितलं, तिथे होती ती, इंजिन गरम, अजून टिकटिकत होतं.

"मग ही कोणी आणली?"

"मी."

"त्याच्यासारखी?"



विनी खुर्चीत बसली. रडली नाही लगेच. आधी म्हणाली, "आणि मला कुणी सांगितलंच नाही." पहिल्या वेळी तिचं रडणं कुणी ऐकलं नव्हतं, तिने पोरासाठी दाबलं होतं. या वेळी दाबायला तिला कारण आठवलं नाही. बटाटे उतू गेले. गॅस मी बंद केला.

सकाळी ती ते रडणं विसरली. हार्टली गेल्याचंही विसरली. फक्त आवाज तेवढा विसरली नाही. पुढच्या शुक्रवारी दुपारीच तिने बटाटे सोलून ठेवले आणि खिडकीशी बसली. अंधार पडेपर्यंत बसली. मग म्हणाली, "शॅपवर बर्फ असेल." बाहेर जूनचा उजेड नुकताच गेला होता, अंगणात गुलाब फुलले होते. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. इतकी वर्षं जिने वाट बघणं बंद केलं होतं तिला आम्ही पुन्हा खिडकीशी आणून बसवलं होतं. आणि कीथ पुन्हा गॅसवाला झाला.

शनिवारी सेथ म्हणाला, "अरे मग दर शुक्रवारी चढव की लॉरी. म्हातारी खूश राहील."

"आणि केबिनमधून उतरलेला कोण दाखवू तिला, काका?" कीथ म्हणाला.

शेडमध्ये पहिल्यांदाच कुणाकडे दुरुस्तीचा उपाय नव्हता.

लॉरी गल्लीच्या टोकाला, विनीच्या खिडकीतून दिसणार नाही अशी उभी होती. शेडमध्ये नेली तरी गावातून फिरली की आवाज यायचाच. म्हणून कीथने ती विकली, दूर डेव्हनमधल्या एका सभ्य माणसाला. नॉर्मनने त्याला हिरव्या छटेबद्दल लांबलचक सूचना दिल्या. त्या माणसाने चढाच्या पायथ्याशी थांबायचं आणि कीथने लॉरी तिथवर आणून द्यायची, असं ठरलं. प्रश्न एवढाच होता की इंजिन सुरू केलं तर विनी ऐकेल.

"सुरू करतच नाही," कीथ मला म्हणाला. "ती सकाळी उशिरा उठते. हँडब्रेक सोडतो, उतारावर आपोआप घरंगळेल. चॅपलच्या खाली गेली की गिअरमध्ये टाकून सुरू करीन. इंजिनाशिवायही ब्रेक तेवढ्यापुरते धरतील."

सोमवारी सकाळी मी माझ्या दारात शाल घेऊन उभी राहिले. कीथ केबिनमध्ये चढला, दार न आपटता ओढून घेतलं. हँडब्रेक सुटला. एवढं मोठं आठ चाकांचं धूड, फक्त टायरांखाली बारीक खडी चिरडल्याचा आवाज करत, आमच्या दारांसमोरून गेलं. चॅपलच्या आड गेलं. बऱ्याच वेळाने खालून, दुसऱ्या कुणाच्या तरी लॉरीचा असावा तसा, गार्डनर सुरू झाल्याचा बारीक आवाज आला आणि दरीत विरला.

मी वळले. विनी वरच्या खिडकीत होती. रात्रीच्या झग्यात, केस मोकळे. ती हात हलवत होती, हळूच, बोटांनी.

मी धावत आत गेले. ती जिना उतरत होती, पायऱ्यांच्या कडेने, त्या करकरू नयेत म्हणून.

"पोरगं उठलं नाही ना?" तिने कुजबुजत विचारलं.

"कोण?"

"कीथ गं. हार्टली दर सोमवारी असाच जातो. इंजिन लावतच नाही, चॅपलच्या खालपर्यंत नुसतं घरंगळत जाऊ देतो. पोराची झोप मोडू नये म्हणून." ती हसली. "त्या पोराला पत्तासुद्धा नाही. कळेल कसं, झोपलेला असतो."

कंपनीतल्या इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. सेथलाही नव्हतं, त्याला हार्टली खाली चढाच्या पायथ्याशी घ्यायचा. जे एका घरात दोघांनाच माहीत होतं, ते आता एकटीला माहीत होतं, आणि तेही किती दिवस कोण जाणे.

"गेला," विनी म्हणाली. "आता शुक्रवारी."

तिने किटली ठेवली. मी खुर्चीत बसले.

थोड्या वेळाने कीथ चढ चालत वर आला. हातात टोपी, श्वास फुललेला. आत पाऊल टाकताच त्याने आधी माझ्याकडे बघितलं. आई जागी आहे हे पाहून त्याचा चेहरा पडला.

"मावशी, आवाज ऐकला का तिने?"

माझ्या डोक्यात उत्तराचे दोन्ही बाजूंचे आकडे मांडून झाले होते, पण जुळवायला वेळ मिळाला नाही. "आवाज नाही ऐकला," मी म्हणाले. ते खरं होतं.

"मग झालं," तो म्हणाला, जरा मोठ्याने, सुटकेने.

विनी किटलीकडून वळली. ओठांवर बोट ठेवून तिने त्याच्याकडे डोळे मोठे केले.

"हळू बोला हो. वर पोरगं झोपलंय."

कीथने जिन्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.  तो वाकला, नाड्या सोडल्या आणि दोन्ही बूट काढून हातात घेतले.